पुढे चालणारा आवाज

आमच्या आबांची नजर गेली तेव्हा मी दुसरीत होतो. काचबिंदूने आधी कडेकडेचं दिसणं गेलं, मग समोरचंही. शेतातली कामं सुटली, पण बेल्ह्याचा बाजार त्यांनी सोडला नाही. एसटीने आणे घाट उतरायचा, गुळुंचवाडीवरून बेल्हे गाठायचं, बाजारभर हिंडायचं आणि दुपारच्या गाडीने परत आण्याच्या पठारावर यायचं. काठीचं एक टोक त्यांच्या हातात असे, दुसरं माझ्या. पहिल्या खेपेला मी दर चार पावलांना "आबा, जपून" म्हणत होतो. भाजीवाल्यांच्या ओळीपाशी ते थांबले आणि म्हणाले, "जपून जपून काय लावलंयस? जपायचं ते मी जपतो. पुढं काय हाय ते सांग."

मग मी सांगायला लागलो. दोन पावलांवर दगड. डाव्या हाताला बैल बांधलाय. इथून उतार, मग चार पायऱ्या. आबांची चाल बघता बघता वाढली, आणि काठीचं पुढचं टोक धरून मलाच पळावं लागलं. ते माझ्या मागे होते, पण वेग त्यांचा होता.

त्या बाजारात मी जे काम शिकलो, त्याला जगात खेळातली एक रीतसर जागा आहे हे मला फार उशिरा कळलं. बर्फावरून घसरत जाणाऱ्या अंध खेळाडूच्या पुढे एक डोळस खेळाडू असतो. त्याला सगळीकडे गाइड म्हणतात. मी इथे त्याला सोबती म्हणणार आहे. वाटाड्या हा शब्दही मनात आला होता. पण वाटाड्याला वाट ठाऊक असली की पुरतं, या माणसाला मागच्याचा श्वासही ठाऊक असावा लागतो. पुढच्या पानांमध्ये अंध खेळाडूंच्या कारकिर्दी आहेत, आणि प्रत्येक कारकिर्दीत शक्य तिथे त्या दुसऱ्या माणसालाही जागा दिली आहे. हे पुस्तक वेगळं कशात आहे असं कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन.

आण्याच्या पठारावर बर्फ नाही. इथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते. पौषात रंगदासस्वामींच्या यात्रेला गावोगावच्या भाकऱ्या जमतात, मोठाल्या कढयांमध्ये आमटी रटरटते, पहाटेचा गारठा हाडांत शिरतो, एवढीच आमची हिवाळ्याशी ओळख. तरीही मी सुरुवात बर्फापासून करतो, कारण अंध खेळाडू आणि त्याचा सोबती यांचं नातं तिथे जितकं उघड्यावर येतं, तितकं दुसऱ्या कुठल्याच खेळात येत नाही.

नॉर्डिक स्कीइंग म्हणजे उंच कड्यावरून खाली झेपावणं नव्हे. लांब, अरुंद पट्ट्या पायांना जोडून, टाच मोकळी ठेवून, दोन्ही हातांतल्या काठ्यांनी जमिनीला रेटा देत चढउतारांवरून किलोमीटरच्या किलोमीटर जायचं. चढावर छाती भरून येते, उतारावर वेग आवरत नाही, आणि वळणं दोन्हीकडे असतात. अंध खेळाडूच्या पुढे सोबती जातो. त्याच्या अंगावर बहुतेकदा एक लहानसा स्पीकर बांधलेला असतो, म्हणजे वाऱ्यात आणि गर्दीच्या कोलाहलातही त्याचं बोलणं मागे पोचतं. तो सतत बोलत असतो. चढ आला, उतार सुरू, डावं वळण, आता सरळ, पुढे एक जण आहे, बाजूने काढू. त्यात शाबासकी फारशी नसते आणि "जपून" तर नसतंच. आबांना जे हवं होतं, तेच आणि तेवढंच असतं.

या प्रवासात मधेच थांबून नेमबाजी करायची असली की त्याचं बायथलॉन होतं. हिवाळी पॅरालिम्पिक पहिल्यांदा भरलं ते १९७६ मध्ये, स्वीडनमधल्या एर्नशोल्ड्सविक गावी. बायथलॉन त्यात आलं १९८८ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला, पण तेव्हा ते शारीरिक अपंगत्व असलेल्यांपुरतं होतं. अंध आणि अंशतः दृष्टी असलेल्या खेळाडूंना त्याचं दार १९९२ च्या फ्रान्समधल्या स्पर्धेत उघडलं. ज्याला लक्ष्य दिसत नाही त्याने नेम कसा धरायचा, या प्रश्नाचं उत्तर तोवर तयार झालं होतं. ते उत्तर मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रायफल इलेक्ट्रॉनिक असते, आणि खेळाडू ती पाठीवर वाहत नाही. ती नेमबाजीच्या जागीच ठेवलेली असते. सोबती खेळाडूला तिथवर आणतो. खेळाडू पालथा झोपतो, कानाला हेडफोन लावतो आणि रायफल दहा मीटरवरच्या लक्ष्याकडे वळवतो. कानात एक स्वर सुरू होतो. नळी लक्ष्याच्या मध्याकडे सरकू लागली की स्वर चढतो, दूर गेली की उतरतो. स्वर सर्वांत उंच लागला की चाप ओढायचा. अशी पाच लक्ष्यं. हुकलेल्या प्रत्येक लक्ष्याची शिक्षा एक तर जादा फेरी, नाही तर वेळेत भर.

आमच्याकडे सप्ताहाच्या आधी पखवाजाला कणीक लावून, गठ्ठ्यांवर हातोडी ठोकत वादक स्वर जुळवतो ते आठवा. स्वर किती जवळ आला हे तो बघत नाही, त्याला ऐकून कळतं, आणि नेमका लागला की हात आपोआप थांबतो. बायथलॉनमधल्या अंध नेमबाजाचा कान त्याच जातीचा असतो. मात्र पखवाजवाला निवांत बसलेला असतो. हा खेळाडू आत्ताच एक चढ चढून आलेला असतो, त्याचं काळीज छातीत धडधडत असतं, आणि त्या धडधडीने नळीचं टोक हलतं. दोन श्वासांच्या मधल्या स्थिर क्षणी त्याला तो स्वर पकडावा लागतो. आणि त्या वेळी सोबती गप्प असतो. अख्ख्या शर्यतीत खेळाडू खऱ्या अर्थाने एकटा असतो तो एवढा वेळच.

नियमांबद्दल एकच गोष्ट सांगून पुढे जातो. कुणाला अजिबात दिसत नाही, कुणाला सावल्या दिसतात, कुणाला मधलं सोडून कडेचं दिसतं. म्हणून दृष्टीच्या प्रमाणात गट पाडतात, आणि सगळे एकत्र उतरले तर प्रत्येकाच्या वेळेला गटाप्रमाणे ठरलेली टक्केवारी लावून निकाल काढतात. पूर्ण अंध गटातल्यांना सोबती सक्तीचा असतो, आणि डोळ्यांवर काळा चष्माही, म्हणजे शंकेला जागा उरत नाही. पदक दोघांनाही मिळतं. विजयमंचावर दोघं उभे राहतात.

आता या दोन्ही खेळांतली एक खेळाडू, व्हेरेना बेंटेले. जर्मनीच्या दक्षिण टोकाला, बोडन सरोवराच्या परिसरात, शेतकरी आईवडिलांच्या घरी ती वाढली. जन्म १९८२ चा, आणि जन्मापासून दृष्टी नाही. १९९८ मध्ये जपानच्या नागानोला पहिलं पॅरालिम्पिक खेळली तेव्हा ती सोळाच्या आसपास होती. पुढच्या बारा वर्षांत, चार हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये मिळून, तिने बारा सुवर्णपदकं मिळवली. नुसती ही यादी वाचली तर माणूस दिपून जातो आणि पान उलटतो. म्हणून या पुस्तकात तिच्या कारकिर्दीतला एक पडण्याचा दिवस मधोमध ठेवला आहे.

जानेवारी २००९. नेसेल्वांग या बव्हेरियातल्या गावी जर्मनीची राष्ट्रीय स्पर्धा चालली होती. पुढे असलेल्या सोबत्याने डावीकडे म्हणायचं ते उजवीकडे म्हटलं, की उजवीकडे म्हणायचं ते डावीकडे, यावर बोलण्यात आता अर्थ नाही. एक शब्द चुकला एवढं खरं. व्हेरेना त्या शब्दावर वळली, कारण त्याखेरीज तिच्याकडे वळायला दुसरं काही नव्हतं. ती वाटेवरून खाली गेली आणि कित्येक मीटर खालच्या कोरड्या ओढ्याच्या पात्रात आदळली. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, बोट दुखावलं, यकृताला आणि मूत्रपिंडाला मार लागला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना आपण लगेच पुढच्या वर्षाकडे धावतो, आणि पुढचं वर्ष तसं आहेही. मार्च २०१० मध्ये, व्हँकुव्हरला, नव्या सोबत्यामागे, थॉमस फ्रीडरिखमागे, तिने पाच सुवर्णपदकं जिंकली. पण मला मधल्या चौदा महिन्यांचं कुतूहल आहे. गुडघा शस्त्रक्रियेने आणि व्यायामाने बरा होतो. पण एका माणसाच्या आवाजावर डोळे मिटून उतारावर स्वतःला सोडून देण्याची सवय मोडली, तर ती कोण बरी करणार? ती सवय नव्या माणसाच्या आवाजासोबत पहिल्यापासून घडवावी लागते. आधी सपाटीवर, मग हलक्या चढावर, मग एखाद्या छोट्या उतारावर. प्रत्येक शब्दाचा अर्थ दोघांनी मिळून ठरवायचा. "डावं" म्हणजे आत्ता डावं, की तीन ढांगांनंतर डावं? आवाज चढवला तर धोका समजायचा, की हुरूप? एकमेकांची ही भाषा बसवायला महिने जातात, आणि या महिन्यांचं पदक कुणी देत नाही.

खेळ सोडल्यावर, २०१४ मध्ये, बेंटेलेने एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ असा, की ताबा चांगला, पण विश्वास त्याहून चांगला. जर्मन भाषेतल्या एका रूढ वचनाची तिने अदलाबदल केली आहे. नेसेल्वांगच्या ओढ्यात पडलेल्या बाईने ते नाव निवडलं, म्हणून त्याला वजन आहे. तिने म्यूनिकमध्ये साहित्याचा अभ्यास केला होता. पुढे ती जर्मन सरकारची अपंगांच्या प्रश्नांवरची आयुक्त झाली, आणि २०१८ पासून तिकडच्या एका फार मोठ्या सामाजिक संघटनेची अध्यक्ष.

ब्रायन मॅककीव्हरचं प्रकरण वेगळ्या कारणाने घेतलं आहे. कॅनडाचा हा तरुण डोळस म्हणूनच स्कीइंग शिकला. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास स्टारगार्ट नावाच्या आजाराने नजरेचा मधला भाग पुसला जाऊ लागला, कडेचं थोडं राहिलं. त्याचा थोरला भाऊ रॉबिन १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये कॅनडाकडून स्कीइंग करून आलेला. तो भावाचा सोबती झाला. ब्रायनची सोळा पॅरालिम्पिक सुवर्णपदकं २००२ ते २०२२ या काळातली. २०१४ मध्ये सोचीला एका छोट्या शर्यतीत सुरुवातीलाच तो पडला, उठला, आणि जिंकला. पण मला या कथेतली दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. वयाने रॉबिनचा वेग कमी होत गेला, ब्रायनचा झाला नाही. मग नवे, तरुण सोबती आले. लांबच्या शर्यतीत एक दमला की दुसरा त्याची जागा घेई. बेल्ह्याच्या बाजारात आबांच्या पुढे पळताना मला धाप लागायची, तिचा अर्थ हे वाचताना उलगडला. सोबत्याला मागच्यापेक्षा जास्त चपळ असावं लागतं, आणि त्या जादा चपळाईतूनच बोलण्यासाठी श्वास उरतो.

बर्फावरून आता पाण्यात येऊ, आणि अमरावतीला. कांचनमाला पांडे. जन्मतः दृष्टिहीन, नोकरी नागपूरला रिझर्व्ह बँकेत. २०१७ ची जागतिक पॅरा जलतरण स्पर्धा मेक्सिको सिटीत सप्टेंबरअखेर व्हायची होती. १९ सप्टेंबरला तिथे मोठा भूकंप झाला आणि ती डिसेंबरवर गेली. त्या शहराची उंची समुद्रसपाटीपासून बावीसशे मीटरहून जास्त, म्हणजे हवा विरळ. तिथे पूर्ण अंध गटातल्या २०० मीटर मेडलीत कांचनमालाने सुवर्णपदक मिळवलं. जागतिक पॅरा जलतरणात भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण होतं.

मेडली म्हणजे चारही पद्धती एकामागून एक: बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, फ्रीस्टाइल. पन्नास मीटरच्या तलावात प्रत्येकाची एक लांबी. म्हणजे तीन वळणं आणि एक शेवट, चार वेळा भिंत. या गटात डोळ्यांवर काळे गॉगल सक्तीचे असतात, आणि तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा बसवलेला असतो. पोहणारी भिंतीजवळ आली की तो तिच्या डोक्याला किंवा पाठीला एकदाच स्पर्श करतो. हा स्पर्श जरा उशिरा झाला तर डोकं भिंतीवर आपटतं. जरा लवकर झाला तर वळण पाण्यात होतं, भिंतीचा रेटा मिळत नाही आणि वेळ वाया जातो. बॅकस्ट्रोकमध्ये तर ती पाठीवर असते आणि भिंत डोक्यामागून येत असते. आबांच्या काठीचं ते टोक इथे पाण्यावर आलेलं दिसतं. त्या माणसाला टॅपर म्हणतात. मेक्सिकोत त्या दोन टोकांना कोण उभं होतं, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचलं, किंवा विचारलं?

त्याच वर्षीच्या जुलैत बर्लिनच्या स्पर्धेला जाताना तिच्यासाठी मंजूर झालेला पैसा तिच्यापर्यंत पोचला नव्हता. परक्या शहरात उसनवारी करून ती उतरली, आणि तरी रौप्यपदक घेऊन आली. हा प्रसंग तेव्हा देशभर गाजला. वर्तमानपत्रांत संताप आला, मग सुवर्ण आलं, मग कौतुक आलं. त्या कौतुकात एक शब्द पुन्हा पुन्हा होता, "मात". अंधत्वावर मात. मला तो शब्द पटत नाही. मेक्सिकोच्या तलावात ती अंधच होती, आणि पोहली ती हातांच्या फेऱ्या मोजत, दोरीचा अंगाला होणारा स्पर्श ओळखत, काठीच्या एका ठोक्याची वाट बघत. त्यात कसब आहे, हजारो तासांचा सराव आहे, आणि दुसऱ्या माणसाचं नेमकेपण आहे. आपण "जिद्द" म्हणून मोकळे होतो, तेव्हा या तिन्ही गोष्टींसाठी पैसा, जागा आणि माणसं उभी करण्याची आपली जबाबदारी नकळत तिच्या एकटीच्या मनावर ढकलतो.

धावण्यात सोबत्याचा नियम बर्फापेक्षा उलटा आहे. तिथे दोघांच्या हातांत एकच छोटी दोरी असते आणि सोबत्याने शेवटची रेषा धावपटूच्या आधी ओलांडली तर शर्यत बाद. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्माने २०० मीटरला कांस्य मिळवलं ते अभय सिंहच्या सोबतीने. तेव्हा पहिल्यांदा आपल्याकडच्या बऱ्याच बातम्यांत दोन नावं एकत्र छापून आली. मला बरं वाटलं.

अंधांच्या क्रिकेटमध्ये तर प्रतिस्पर्धीच आवाज देतो. चेंडूत छर्रे असतात, तो जमिनीलगत खडखडत येतो. टाकण्याआधी गोलंदाज विचारतो, "रेडी?" फलंदाजाचं "यस" आल्यावरच तो "प्ले" म्हणून चेंडू सोडतो. अकरांत किमान चार जण पूर्ण अंध हवेत, आणि त्यांच्या प्रत्येक धावेच्या दोन धरतात. २०२५ च्या नोव्हेंबरात कोलंबोला अंध महिलांचा टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघाची उपकर्णधार आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम.

आणि मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी रुजवलेली ही विद्या दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी अंध मुलामुलींना शिकवली. देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची एक खुबी अशी की खांब जागचा हलत नाही आणि अंगाला सतत लागून असतो. वाट शोधावी लागत नाही, शरीरच वाट धरून असतं. तिथे सोबत्याचा आवाज थोडा मागे सरतो आणि गुरूचा हात पुढे येतो. पाय कुठे अडकवायचा, कंबर किती वळवायची, हे हाताला धरून एकदा दाखवायचं, मग मुलाचं अंग ते विसरत नाही. बर्फ नसलेल्या मुलखात ही विद्या दोनशे वर्षं उभी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. आपल्या तालुक्यांत अंध मुलं आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या पायांत वेग आहे. त्यांच्या पुढे धावू शकेल, आणि धावता धावता नेमकं बोलू शकेल, अशी दुसरी मुलं शोधून शिकवण्याची व्यवस्था हवी. शाळेच्या मैदानावर याची सुरुवात एका दोरीने करता येते. त्याला बर्फ लागत नाही, तलावही लागत नाही. पण हे काम सेवा म्हणून करू नये, खेळ म्हणून करावं, कारण सेवेत "जपून" जास्त असतं.

पुस्तकाचं हस्तलिखित तयार झाल्यावर मी ते आण्यातच, देवळाच्या ओट्यावर, चार संध्याकाळी मोठ्याने वाचलं. ऐकणाऱ्यांत शेजारच्या वाडीतला एक अंध तरुण होता. स्कीइंगचं प्रकरण झाल्यावर त्याने विचारलं, "सर, सोबती पुढं असतो ना? मग मागचा पडला, तर त्याला कसं कळतं?" मी सांगितलं, की तो कधीकधी मागे वळून बघतो, पण मुख्यतः मागून येणाऱ्या काठ्यांचा आवाज ऐकत असतो. बर्फात रुतणाऱ्या काठ्यांचा एक ताल असतो. तो ताल जरा जरी तुटला, की त्याला समजतं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नेसेल्वांगचं परत वाचा." मी पान मागे उलटलं आणि वाचायला लागलो.

आणे, ता. जुन्नर
पौष महिना